डबीरांची तीन भिंतींची खोली

डबीरकाकांच्या बैठकीत पहिल्यांदा पाय टाकणारा माणूस आधी तोंड उघडायचा आणि मग ओरडून बोलायचा. गॅसचं सिलिंडर आणणारा असो, मतदारयादी तपासणारा मास्तर असो, नाहीतर काकांच्या कचेरीतला बडा साहेब असो. समोरच्या तीन भिंतीच इतक्या मोठ्याने बोलत असायच्या, की त्यांच्या वर आवाज काढल्याशिवाय आपलं म्हणणं पोचेल असं कोणालाच वाटत नसे. एक भिंत मोरपंखी, एक झेंडूसारखी पिवळी आणि मधलीला असा एक राणी रंग, की मे महिन्यात त्याच्याकडे बघूनच तहान लागावी.

इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या गल्लीत आमचं घर खाली आणि डबीरांचं वर. त्यामुळे त्यांच्याकडे जे काही घडे ते आमच्या डोक्यावरच घडे. वरून जड काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, की माझी आई परातीतल्या कणकेवरून मान न उचलता म्हणायची, "सोफा चालला खिडकीकडे. थंडी सुरू झाली म्हणायची." आमच्याकडे कॅलेंडर होतं, पण ते दुधाचा हिशेब लिहायला. ऋतू वरून कळायचे.

काका सरकारी कचेरीत नक्शे काढायचे. ते पोटापुरतं. खरे डबीर संध्याकाळी सहानंतर सुरू होत. आमच्या हौशी नाट्य मंडळाचं नेपथ्य पंचवीस-तीस वर्षं त्यांच्याच हातात होतं. मीही त्याच मंडळातली. माझी अभिनयाची कारकीर्द थोडक्यात सांगायची तर, मी ट्रे घेऊन आत येते. "बाईसाहेब, चहा," एवढं म्हणते आणि ट्रे ठेवून जाते. या भूमिकेत मी विशीत शिरले आणि पन्नाशी उलटली तरी बाहेर पडले नाही. काका मला शेवटपर्यंत 'दुसरी मोलकरीण' म्हणत. पहिली कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणत, "ती मेहनत करायची."

त्यांचं घर आणि त्यांचं नेपथ्य यात फरक एवढाच, की नेपथ्य प्रयोगानंतर उतरवत. कमलकाकू म्हणायच्या, "आमच्याकडे प्रयोग संपतच नाही, गं. तिसरा अंक चालू आहे की चौथा, तेसुद्धा मला कोणी सांगत नाही."

आता त्या चौथ्या भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण डबीरांच्या संसारात भांडण म्हणावं असं एवढं एकच होतं.

जिन्यावरून आत येण्याचं दार ज्या भिंतीत होतं, ती चौथी. तिला रंग नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा घर रंगवलं तेव्हा काकांनी तीन भिंती रंगवल्या, ब्रश धुतले आणि हात पुसले. नव्या नवरीने भीत भीत म्हटलं, "अहो, ही राहिली." काका म्हणाले, "तिकडे प्रेक्षक बसतात."

काकूंना वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. रंगमंचावरच्या खोलीला तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी अंधार असतो आणि अंधारात माणसं. तशा खोल्या उभ्या करून करून काकांचा हात तिसरी भिंत संपली की आपोआप थांबायचा. चौथीला ब्रश लावणं म्हणजे त्यांच्या लेखी पहिल्या रांगेतल्या बाईच्या साडीवर रंग उडवणं.

आणि गंमत अशी, की स्वयंपाकघराचं दार त्या भिंतीच्या बरोब्बर समोर. त्या दाराशी काकूंचा वेताचा बसका मुढा. भाजी निवडायला, रेडिओ ऐकायला, आल्यागेल्यावर नजर ठेवायला त्या तिथेच बसत. म्हणजे जगाला दिसे मोरपंखी आणि काकूंना दिसे स्विचबोर्ड, मीटरची वायर, कॅलेंडरच्या खिळ्याखालचा पोपडा आणि पावसाळ्यात ओल येऊन उमटलेला एक डाग.

"आख्ख्या इंदूरला रंग दाखवतात," काकू म्हणायच्या, "बायकोला स्विचबोर्ड."

पण काकूंच्या हातातही एक हुकमाचा पत्ता होता. नेपथ्य करणाऱ्याचं नशीब असं, की पडदा उघडतो तेव्हा तो विंगेत असतो. प्रेक्षागृहातून जो एक 'हाऽ' येतो तो त्याला ऐकू येतो, दिसत नाही. काकांचं घरीही तेच. जिन्यावर पावलं वाजली की हे धावत स्वयंपाकघरात. तिथे त्यांनी पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरवर बैठकीचे दिवे घेतले होते. पाहुणा दार ढकलायचा, काका आतून उजेड हळूहळू वाढवायचे. पाहुण्याचं तोंड उघडायचं आणि ते तोंड बघायला समोर फक्त काकू, मांडीवर मेथीची जुडी घेऊन.

पाहुणा गेला की काका बाहेर यायचे. "काय तोंड केलं त्याने? सांग ना."

"चहात साखर कमी होती म्हणाला."

"ते नाही गं. आत आला तेव्हा!"

"चौथी रंगवा, मग सांगते. एकेकाचं तोंड लक्षात आहे माझ्या."

असं हे तीसेक वर्षं चाललं. दोघंही चित्पावन नव्हते, पण हट्टात कमी नव्हते.

काकांचं फर्निचर महूहून यायचं. लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, की तिथल्या बंगल्यांतून जुनं, वजनदार सामान निघतं. शिसवी टेबलं, पितळी कड्यांच्या पेट्या, सिंहाच्या पंजासारखे पाय असलेल्या खुर्च्या. कोणाची बदली निघाली ही बातमी काकांना कशी कळायची देव जाणे. त्या अधिकाऱ्याच्या बायकोला कळण्याआधी कळायची, असा आमचा अंदाज होता.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. एका कर्नलसाहेबांचा तीन माणसांचा सोफा होता, गडद हिरव्या मखमलीचा, पाठीला लाकडी नक्षी. दुसरा कोणी असता तर लाकूड ठोकून पाहिलं असतं, वाळवी शोधली असती. काकांनी चप्पल काढली, सोफ्यावर बसले, आणि अचानक डोळे लाल करून उठले. "चालती हो माझ्या घरातून!" असं गरजले. पुन्हा बसले. आता खांदे पाडून, मुलीचं लग्न मोडलेल्या बापासारखे. मग छातीवर हात ठेवून आडवे झाले, एक पाय खाली लोंबकळत सोडला आणि मेले.

कर्नलसाहेबांच्या पत्नी दारात थिजल्या होत्या. त्यांचा अर्दली पाण्याचा ग्लास घेऊन धावला. मी म्हटलं, "घबराइए मत, ये देख रहे हैं कि सोफा ठीक है या नहीं."

काका उठून बसले, अर्दलीच्या हातचं पाणी प्यायले आणि म्हणाले, "बहुत अच्छा है. मरने के बाद भी कमर नहीं दुखती."

त्यांचा नियमच होता तो. ज्या खुर्चीतून रागाने उठता येत नाही ती खुर्ची घरात घ्यायची नाही. नव्या सोफ्यांवर त्यांचा सगळा राग एवढ्याचसाठी. "त्यात माणूस रुततो. भांडण आलं तर आधी कोणीतरी हात देऊन उठवावं लागतं. तोवर राग जातो." आणि दुसरं म्हणायचे, "खुर्ची रिकामी असली तरी तिच्यात कोणीतरी बसलंय असं वाटलं पाहिजे. नाहीतर ती खुर्ची नाही, लाकूड आहे."

त्या बाई हसत होत्या. म्हणाल्या, "ले जाइए, अंकल. हमारे घर में तो इस पर सिर्फ़ अख़बार पढ़ा गया है."

सोफा टेम्पोत चढला. वाटलं, आता घरी. काकांनी ड्रायव्हरला सांगितलं, "खजराना." छत्रीबागेला जायला खजराना वाटेत नाही, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. पण इंदुरात नवी गाडी घेतली की पहिल्यांदा खजरान्याच्या गणपतीला दाखवायची, ही रीत. काकांचं म्हणणं, जुन्या सोफ्याने काय घोडं मारलंय? तोही नव्याने संसाराला लागतोय. देवळाबाहेर नव्या गाड्यांची रांग, फिती, हार, नारळ. त्यात आमचा टेम्पो. हारवाल्याने सवयीने विचारलं, "कौन सी गाड़ी है, भिया?"

काका म्हणाले, "थ्री-सीटर."

त्याने मोठा हार काढला. मग ताडपत्रीखाली डोकावला आणि एकदा हाराकडे, एकदा काकांकडे बघू लागला. पण हार घातला, सोफ्याच्या नक्षीवर, नीट मध्यभागी. बाजूच्या नव्या मोटारीतली दोन मुलं खाली उतरून आमचा सोफा बघायला आली.

घरी काकूंनी त्या हार घातलेल्या सोफ्यावरून कुंकू-तांदूळ ओवाळून टाकले आणि म्हणाल्या, "याला तरी चौथ्या भिंतीकडे तोंड करून बसवा. मला सोबत होईल."

रंगाची निवड हा वेगळाच सोहळा. रंगकाम करायला येई मुन्ना पेंटर. ट्रकांच्या पाठीवर गुलाब आणि वाघ काढण्यात त्याची उमेदवारी गेलेली. काका भिंतीवर रंगाचा एक पट्टा मारायला सांगत आणि स्वतः खाली उतरून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोहेवाल्याच्या ठेल्यापर्यंत चालत जात. तिथून, पोह्यांची प्लेट हातात घेऊन, आपल्या खिडकीकडे बघत. पोह्यांवरची शेव संपेपर्यंत रंग दिसत राहिला, तर पास.

"काका, ये कलर तो अपन ट्रक पे लगाते हैं," मुन्ना एकदा खिडकीतून ओरडला.

"तो ट्रक दिखता है कि नहीं?" काका खालून.

"दिखता तो है."

"फिर घर ने क्या पाप किया?"

पोहेवाला या सगळ्यात परीक्षक. तो झारा हलवत मान डोलवायचा. एकदा काकांनी राखाडी निवडण्याचा विचार केला होता. एका पाहुण्याने सांगितलं, की हल्ली मोठ्या शहरांत सगळे राखाडीच लावतात. पोहेवाला म्हणाला, "काका, दिख ही नहीं रिया." राखाडीचा डबा तसाच परत गेला. "रंग कुजबुजायला नसतो," काका मला म्हणाले. "कुजबुजायला माणसं आहेत की."

तिसरी भिंत संपली की मुन्ना शिडी काढायचा, चौथीसमोर उभा राहायचा आणि तिला नमस्कार करायचा. पहिल्या वर्षी काकांनी त्याला तिकडे प्रेक्षक असतात हे समजावलं होतं, तेव्हापासून. हा काकूंचा सगळ्यात मोठा अपमान होता, कारण त्या नमस्काराच्या वेळी मुन्नाची पाठ त्यांच्याकडे असे.

पण खरा प्रयोग चैत्रातला. चैत्रगौर बसली, की गल्लीतल्या मराठी घरांतून हळदीकुंकवं सुरू होत. इतरांच्या घरी पायऱ्यांवर जरीचं कापड, कलिंगडाचं कमळ, दोन करंज्या, चार खेळणी अशी आरास. डबीरांकडे आरास नसे, प्रवेश असे. एका वर्षी राजदरबार. एका वर्षी बाग, त्यात वाळ्याचे पडदे आणि त्यांच्यामागे लपवलेला कूलर, त्यामुळे बायका डाळ खाऊनही हलेनात. एका वर्षी गौरीचा झोपाळा मासे धरायच्या दोरीने स्वयंपाकघरातून हलवला होता. दोरी कोणालाच दिसत नव्हती. पुराणिक वहिनींनी तो आपोआप हलताना पाहिला आणि देवीला प्रत्यक्ष साकडं घातलं. काकू त्यांना खरं सांगायला निघाल्या होत्या, तेवढ्यात वहिनींचं काम झालं. मग सांगता आलं नाही.

याच पुराणिक वहिनी पुढे आपल्याला लागणार आहेत. गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही, याचा शेवटचा निकाल त्यांच्याकडे असे.

दरबाराच्या वर्षी ऐन गर्दीत फ्यूज उडाला. काकांनी रेग्युलेटरवर जरा जास्तच सूर्योदय केला असावा. पडदे लावलेले, त्यामुळे भर दुपारी मिट्ट अंधार. वीस-पंचवीस बायका, हातात पन्ह्याचे पेले, जागच्या जागी थिजलेल्या. आणि अंधारातून काकूंचा शांत आवाज आला, "मध्यांतर. डाळ घ्या."

काका आतून विव्हळले, "पडदे उघडू नका! कोणीही पडदे उघडू नका!"

बायका गेल्यावर तारेचे तुकडे हातात घेऊन ते बाहेर आले. "फ्यूज जायच्या आधी काय तोंडं केली त्यांनी?"

"डाळ तिखट झाली म्हणाल्या."

"कमल, एकदा तरी सांग."

काकूंनी चौथ्या भिंतीकडे बोट केलं.

मग काकूंचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. देऊळ बंद, भाजीबाजार बंद, आमच्याकडे येणं बंद. दिवसभर तो मुढा आणि समोर ती भिंत. काकांनी त्यांना कर्नलच्या सोफ्यावर बसायला सांगून पाहिलं. तिथून मोरपंखी छान दिसतो म्हणाले. काकू म्हणाल्या, "तिथून कोण आलं ते दिसत नाही."

एका संक्रांतीला तीळगूळ द्यायला वर गेले तर काका भिंतीसमोर उभे होते. चौथीसमोर. हातात रंगांची पट्टी.

"दुसरी मोलकरीण, आत ये. हिला विचार कुठला रंग पाहिजे. मला सांगत नाही."

"विचारलंत कुठे?" काकू म्हणाल्या.

काकांनी पट्टी खाली ठेवली आणि खूप औपचारिकपणे, जणू पडद्याबाहेर येऊन घोषणा करतायत असं, विचारलं, "बोला. कुठला?"

"पांढरा."

मला वाटतं काकांना कोणी कानफटात मारली असती तर त्यांचा चेहरा याहून बरा राहिला असता. "पांढरा? कमल, तीस वर्षं भांडलीस ती पांढऱ्यासाठी? पांढरा तर आहेच!"

"हा पांढरा नाही, कळकट आहे. मला चुन्याचा हवा. निळीचा हात दिलेला, धुतल्यासारखा. तुमच्या तीन भिंती दिवसभर आरडाओरडा करतात. डोळ्यांना टेकायला एक जागा नको? आणि पांढऱ्यावर माणसाचं तोंड नीट दिसतं."

काकांनी लढून पाहिलं. मोतिया सुचवला. हस्तिदंती सुचवला. बदामी म्हणून पाहिलं. काकूंनी प्रत्येकाला मान हलवली. शेवटी मुन्नाला निरोप गेला. त्याने चुना, नीळ, डिंक मागवला आणि म्हणाला, "काका, पेली बार आपने ढंग का कलर बोला."

"मैंने नहीं बोला," काका म्हणाले.

ब्रश मात्र त्यांनीच हातात घेतला. मुन्नाला शिडी धरायला लावली. पहिला हात मारण्याआधी ते क्षणभर थांबले, मग मागे वळून काकूंकडे बघून म्हणाले, "प्रेक्षकांनी कृपया सरकून बसावं." डाग गेला, पोपडे गेले, वायर पट्टीत लपली. स्विचबोर्डसुद्धा घासून लख्ख केला. काम झालं तेव्हा मुन्नाने सवयीने हात जोडले, मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो वळला. नमस्कार काकूंना केला.

काकू बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "झालं. आता चैत्रात सांगते. आजपर्यंत जो जो त्या दारातून आत आला त्याचं तोंड, एकेक करून. वही-पेन्सिल घेऊन बसा."

माघात त्या गेल्या. दुपारी, मुढ्यावरच, मांडीवर मटारच्या शेंगा होत्या.

काका रडले नाहीत. म्हणजे आमच्यासमोर तरी. तेराव्यानंतर मी चहा घेऊन वर गेले. ट्रेमध्येच नेला, दुसरं काय करणार. ते म्हणाले, "बघ ना. संवाद अर्धा टाकून एक्झिट घेतली. इतक्या वर्षांत तिची एकही ओळ मागेपुढे झाली नव्हती."

पुढे वर्षभर वरून कसलाच आवाज आला नाही. सोफा खिडकीकडे गेला नाही, परत आला नाही. थंडी आली ती आम्हाला रजया काढल्यावर कळली. एक चैत्र तसाच गेला, आणि जायलाच हवा होता, वर्षाच्या आतला. पण पुढच्या चैत्रात एका सकाळी छतावर असा काही गडगडाट झाला की मी हातातला चहा सांडला. काहीतरी ओढलं जात होतं. मग अजून काहीतरी. मग एकावर एक काहीतरी चढवलं जात होतं.

संध्याकाळी काका गल्लीत उतरले. हळदीकुंकवाचं बोलावणं बायका घरोघर करंडा घेऊन जाऊन करतात. काकांना ते करता येईना, म्हणून ते गल्लीच्या मध्यभागी, पोहेवाल्याच्या ठेल्याशेजारी उभे राहिले आणि मंडळाच्या प्रयोगाआधी करायचे तशी घोषणा केली. "उद्या दुपारी चार वाजता आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सर्व महिलांनी यावं. वेळेवर यावं. लहान मुलांनी रडू नये."

खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. रात्रीपर्यंत गल्लीत एकच विषय. पुराणिक वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "अगं, घरात बाई नाही. विधुराच्या घरी हळदीकुंकू कुठे ऐकलंय? कुंकू लावणार कोण? हे?"

"आपण एकमेकींना लावू," मी म्हटलं.

"आणि ओटी?"

"तीही."

"आणि डाळ कोणी केलीय? तिखट असणार."

"ती तर नेहमीच असायची," मी म्हटलं. वहिनी हसल्या, मग डोळे पुसले, पण येणार का ते काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना मी गल्लीत उभी राहून पाहिलं. जरीच्या साड्या दारादारांत होत्या, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. जी ती शेजारणीकडे बघत होती. पुराणिक वहिनी गच्चीवर, वाळलेले पापड पुन्हा वाळवत. आणि वर काका एकटे, सगळी मांडामांड करून. मला ती खिडकी बघवेना. म्हटलं, आपण आयुष्यभर दुसरी आत आलो, आज पहिली जाऊ. आणि जिना चढले.

दार लोटलेलं होतं. ढकललं.

महूची सगळी जुनी फौज एकावर एक चढून पायऱ्या झाली होती. खाली कर्नलचा हिरवा सोफा, त्यामागे शिसवी टेबल, टेबलावर पितळी कड्यांची पेटी, तिच्या दोन्ही अंगांना सिंहपंजाच्या खुर्च्या, आणि सगळ्यात वर हॅट टांगायच्या खुंटाळ्याला गौरीचा झोपाळा. भिंतींचे रंगही नवे, मुन्ना गुपचूप येऊन गेला असणार: एका बाजूला भिंत हळदीची पिवळी, दुसऱ्या बाजूला कुंकवाची लाल, मधे कैरीचा हिरवा. पडदे सताड उघडे. कापड नाही, खेळणी नाहीत, दिव्यांची करामत नाही. नुसतं चैत्राचं ऊन, आणि रिकाम्या खुर्च्या. पण मला खरंच वाटलं, की मी जरा उशिरा आले आणि सगळ्या भरल्या आहेत.

काका स्वयंपाकघरात नव्हते. दारातल्या वेताच्या मुढ्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, मांडीवर हात, आणि आराशीकडे एकदाही न बघता ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे, आणि माझ्यामागच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे. माझं तोंड उघडं होतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"अस्सं," ते अगदी हळू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुजबुजताना ऐकलं. "असं करतात होय लोक."

माझी पाठ असलेली ओळ चहाची. ट्रेसुद्धा नव्हता हातात. म्हटलं, "काका, लाइट कोण बघतंय?"

"लाइट नाही आज. आज मी बसलोय." आणि मग ते पुढे वाकले, डोळे मिचकावले आणि नेपथ्यकाराच्या त्या जुन्या, सगळ्या मंडळाला धाक असलेल्या आवाजात म्हणाले, "दुसरी मोलकरीण, एन्ट्री चुकली. घाई केलीस. मला नीट दिसलं नाही. बाहेर जा आणि परत ये."

त्या पावसाळ्यात काका गेले. वर आता नवं बिऱ्हाड आहे, भिंती राखाडी आहेत, आणि पोहेवाला अजून कधीकधी झारा थांबवून खिडकीकडे बघतो आणि मान हलवतो. पण माझ्यासाठी डबीरकाका त्या मुढ्यावरच आहेत.

त्या दुपारी मी बाहेर आले. खाली जिन्यात बांगड्या वाजल्या. वाकून पाहिलं तर पुराणिक वहिनी, पैठणीत, धापा टाकत, आणि त्यांच्यामागे आख्खी गल्ली एका रांगेत.

"काय गं, बाहेर का उभी? आत घेत नाहीत का?"

"घेतात," मी म्हटलं. "पण एकेकीने जायचं. आणि तोंड नीट उघडायचं. ते बघतायत."

मग मी पदर सारखा केला, पहिल्यांदाच येते आहे असा चेहरा केला आणि दार ढकललं.